कागदावरचे ॲव्हरेज आणि बोईसरची वाट

मोटार नवी असो वा जुनी, तिच्याविषयी आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो हाच, की "ॲव्हरेज किती देते?" एक लिटर पेट्रोलात गाडी किती किलोमीटर चालते, ह्या साध्या हिशोबास आपल्या लोकांनी हे इंग्रजी नाव देऊन टाकले आहे, आणि ते इतके रुळले आहे की, त्याचा मूळ अर्थ 'सरासरी' असा आहे ह्याचे कोणास स्मरणही राहिलेले नाही. वस्तुतः सारे मर्म त्या विसरलेल्या अर्थातच आहे. सरासरी म्हटली की ती कशाची, कोणत्या वाटेवरची आणि कोणत्या वेगाची, हे प्रश्न ओघानेच येतात. साध्या मोटारीच्या बाबतीत ते न विचारले तर फारसे नडत नाही. परंतु जिला स्पोर्ट्स कार म्हणतात, त्या शर्यतीच्या घाटाच्या मोटारीच्या बाबतीत ते न विचारणे घरखर्चास भोवते.

गेल्या वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मजकडे ह्याच विषयावर बोलावयास आले होते. मुलगा बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत नोकरीस लागलेला, राहणे पालघरास, रोज बोईसरला जाणे-येणे आणि आठवड्यातून दोन वेळा कंपनीच्या कामासाठी मुंबई. त्याने एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार पाहून ठेवली होती. "सर," ते गृहस्थ म्हणाले, "गाडी जुनी म्हणून स्वस्तात मिळते आहे, आणि कागदावर ॲव्हरेजही काही वाईट दिसत नाही. मग कर्जाच्या कागदावर मी सही करावी की नाही?" सहीविषयी बोलण्याचा मला अधिकार नव्हता, पण पेट्रोलाचा हिशोब मात्र मी त्यांस करून दाखविला. तोच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहे. इयत्ता नववीच्या मुलांस बल, कार्य व ऊर्जा हे धडे आलेलेच आहेत, तेव्हा त्यांनी वही-पेन्सिल घेऊन सोबत यावे.

प्रथम कागदावरचा आकडा येतो कोठून, ते पाहू. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था आहे. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मोटारींची तपासणी तेथे होते. ही तपासणी रस्त्यावर होत नाही. मोटारीची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, आणि गाडी जागच्या जागी राहते. चालकाने समोरच्या पडद्यावरील रेषेप्रमाणे वेग वाढवावयाचा व कमी करावयाचा. हा सारा प्रयोग १,१८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहून थोडा कमी. त्यात 'गाडी' सुमारे साडेदहा किलोमीटर जाते. आधी शहरातल्यासारखे थांबणे-निघणे, आणि मग थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावरची चाल; तीही ताशी ९० किलोमीटरच्या वर नाही. थंड हवेचे यंत्र बंद असते. ह्या ठरावीक चालीचे नाव 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' असे आहे, आणि योगायोग असा की, त्याची आद्याक्षरे एम. आय. डी. सी. अशीच होतात. बोईसरच्या वाचकांस ही अक्षरे रोज पाटीवर दिसतात. पण त्या पाटीखालून जाणाऱ्या रस्त्याची आणि ह्या कागदी एम. आय. डी. सी.ची गाठ कधी पडलेली नाही!

ही तपासणी खोटी आहे असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. सर्व मोटारींस एकच माप लावावयाचे, तर असे ठरावीक माप लागतेच. दोन मोटारींची तुलना करण्यास ते उपयोगी आहे. पण आपल्या वाटेवर आपली गाडी काय करील, हे सांगण्यासाठी ते मुळी नाहीच. अमेरिकेत हीच तक्रार वाढली, तेव्हा तेथील सरकारने २००८ च्या मोटारींपासून आपल्या मापनात अधिक वेगाची, कडक थंडीची आणि थंड हवेचे यंत्र चालू असतानाची चाल समाविष्ट केली. त्याबरोबर बहुतेक मोटारींचे आकडे खाली आले. मोटारी त्याच होत्या. माप बदलले होते.

आता पेट्रोल जाते कोठे, ते पाहू. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२,००० किलोजूल ऊर्जा असते. त्यांपैकी बराच मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेत व धुराड्यातून निघून जातो. इंजिन चांगल्या भारावर चालत असेल तर साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ८,००० किलोजूल, चाकांपर्यंत पोहोचतो असे धरू. हा 'चांगला भार' म्हणजे काय, ते पुढे येईलच.

चाकांपर्यंत आलेल्या ह्या शक्तीस दोन विरोधक सतत आडवे येतात. एक टायरचा. टायर रस्त्यावर दबते, पुन्हा फुगते, आणि त्या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खाते. दीड हजार किलो वजनाच्या मोटारीस हा विरोध सुमारे १८० न्यूटन असतो, व वेग वाढला तरी तो फारसा वाढत नाही. दुसरा विरोधक वारा. तो मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की वारा चौपट अडवितो. सातपाटी-मुरब्याच्या मुलांस हे पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. बंदराकडे लवकर परतून मासळीला भाव मिळावा म्हणून होडीचे इंजिन जोरात दामटले, तर डिझेल किती झपाट्याने उतरते, हे त्यांच्या घरात रोज बोलले जाते. तेथे पाणी अडविते, येथे हवा; न्याय एकच.

एका मध्यम आकाराच्या, बसक्या बांध्याच्या स्पोर्ट्स मोटारीचे गणित करू. ताशी ६० किलोमीटरला वाऱ्याचा विरोध सुमारे ११० न्यूटन येतो, ९० ला २४५ आणि १२० ला ४३५. त्यांत टायरचे १८० मिळविले की एकूण विरोध अनुक्रमे २९०, ४२५ व ६१५ न्यूटन झाला. एक किलोमीटर चालण्यास तितकेच किलोजूल लागतात. (कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे ज्याला आठवत नसेल त्याने धडा पुन्हा उघडावा.) ८,००० ला ह्या आकड्यांनी भागिले, म्हणजे ९० च्या वेगास लिटरमागे जवळजवळ १९ किलोमीटर आणि १२० च्या वेगास अवघे १३ असे उत्तर येते. गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोलही तेच. फरक पडला तो केवळ चालकाच्या उजव्या पायाने.

१२० हा वेग मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कायद्यास मान्य नाही. येथे तो गणितापुरता घेतला आहे. तरीही घाईत असणाऱ्यांसाठी एवढे पाहावे. मनोरहून वर्सोव्याच्या पुलापर्यंतचा पट्टा ६० किलोमीटर धरला, तर ९० ने चाळीस मिनिटे लागतील, १२० ने तीस. दहा मिनिटे वाचविण्यास सुमारे १.४ लिटर पेट्रोल अधिक जळेल. आणि ती वाचविलेली दहा मिनिटे पुढे खाडीवरील पुलाच्या रांगेत परत द्यावी लागतील, ती वेगळीच. ह्या वेगाच्या वेडाचे टोक पाहावयाचे असेल तर बुगाटी कंपनीच्या 'व्हेरॉन' मोटारीकडे पाहावे. ताशी ४०० किलोमीटरहून अधिक अशा आपल्या कमाल वेगाने ती धावली, तर तिची १०० लिटरची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते. म्हणजे एका लिटरला एक किलोमीटरदेखील नाही.

हे झाले मोकळ्या महामार्गाचे. पण आमच्या त्या तरुणाची रोजची वाट पालघर-बोईसर आहे, आणि तेथे वारा हा मुख्य शत्रू नव्हेच. तेथे शत्रू आहे थांबणे. मोटार वेगात असते तेव्हा तिच्या ठिकाणी गतिज ऊर्जा साठलेली असते. वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गाने गुणिले की ती निघते. आपली दीड हजार किलोची गाडी ४० च्या वेगात असेल, तर ही ऊर्जा सुमारे ९३ किलोजूल होते. पुढे रसायनांचा टँकर वळण घेतो आहे, रिक्षा उतारूंसाठी मध्येच थांबली आहे, कामगारांची पाळी सुटून माणसांचा लोंढा रस्त्यावर आला आहे, म्हणून चालकाने ब्रेक दाबला, की हे ९३ किलोजूल ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन उडून गेले. ते पेट्रोलातूनच आले होते, आणि पुन्हा निघताना पेट्रोलातूनच आणावे लागणार. पंधरा किलोमीटरच्या वाटेत असे वीस वेळा झाले, तर १,८६० किलोजूल केवळ थांबण्यात गेले. ती पंधरा किलोमीटर ४० च्या सरळ चालीने कापावयास सुमारे ३,४०० किलोजूल पुरले असते. म्हणजे चालण्याच्या खर्चावर निम्म्याहून अधिक भर नुसत्या थांबण्याची पडली! वजनदार गाडीस ही पट्टी अधिक बसते. आणि ज्याच्या पायाखाली तीन-चारशे अश्वशक्ती आहे, त्यास दोन टँकरांमधली मोकळी जागा दिसली की झेप घेण्याचा मोह होतो. तो ४० ऐवजी ६० वर जाऊन पुन्हा ब्रेक दाबतो. मग प्रत्येक थांब्याचा तोटा ९३ चा २१० किलोजूलवर जातो, कारण येथेही वेगाचा वर्गच आहे.

ह्याहूनही मोठी गोम इंजिनाच्या आकारात आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे खरे वर्म तेच. वर आपण म्हटले की पेट्रोलातील चौथा हिस्सा चाकांस मिळतो. पण तो इंजिन चांगल्या भारावर असेल तेव्हाच. लग्नाच्या पंगतीसाठी मांडलेल्या चुलाण्यावर दोन माणसांचा चहा ठेविला, तर चहा होतो खरा. पण लाकडे त्या दोन कपांच्या मानाने लागत नाहीत, चुलाण्याच्या मानाने लागतात. मोठ्या इंजिनाचे असेच आहे. आठ सिलिंडरांतील दट्ट्ये, त्यांचे दांडे, झडपा, पंप हे सर्व फिरते ठेवण्यासच ठरावीक इंधन लागते, मग काम थोडे असो वा फार. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात काम कमी हवे असले, की हवेची वाट एका पडद्याने जवळजवळ बंद करतात. आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यातच दट्ट्यांचा दम जातो. म्हणून ४० च्या वेगाने रेंगाळणाऱ्या मोठ्या इंजिनातून चाकांस चौथा हिस्सा तर सोडाच, सातवा-आठवा मिळाला तरी पुष्कळ. गाडी उभी असते तेव्हा काहीच मिळत नाही, पण जळणे चालूच राहते. नुसते चालू ठेविलेले १.२ लिटरचे लहान इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पिते. पाच लिटरचे मोठे इंजिन सुमारे दोन लिटर. दररोज अर्धा तास गर्दीत उभे राहण्यात गेला, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत मोठ्या इंजिनाने पंचवीस लिटर पेट्रोल जागच्या जागी जाळले म्हणावयाचे.

ह्याचा पडताळा अमेरिकन सरकारच्या आकड्यांत सुरेख मिळतो. माझदा कंपनीची 'एम. एक्स.-५' ही छोटी, हलकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. वजन हजार किलोच्या थोडे वर, इंजिन दोन लिटरचे. तिच्या २०१९ नंतरच्या, हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीचा आकडा शहरात गॅलनला २६ मैल व महामार्गावर ३४ मैल असा आहे. आपल्या मापाने सुमारे ११ आणि १४.५ किलोमीटर. दुसरी शेवरोलेची २०१४ ची 'कॉर्व्हेट', इंजिन तब्बल ६.२ लिटरचे, सिलिंडर आठ. तिचे आकडे १७ आणि २९ मैल; म्हणजे शहरात सुमारे ७.२ आणि महामार्गावर १२.३ किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर हे तिप्पट मोठे इंजिन लहान मोटारीच्या फारसे मागे राहत नाही. गर्दीत मात्र पार मागे पडते. महामार्गावर ते कसे साधले? गाडीचा बांधा बसका, म्हणून वारा कमी अडतो. वरचा गिअर लांब, म्हणून इंजिन संथ फिरते. आणि काम हलके असले की आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची योजना. चुलाण्याची अर्धी तोंडे मातीने लिंपून टाकावी, तशी ही युक्ती आहे. पण बोईसरच्या नाक्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

तेव्हा स्पोर्ट्स कार म्हणजे पेट्रोलपिऊ राक्षस, हा सरसकट समज बरोबर नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याच देशात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची मोटार निघाली होती. रूप शर्यतीचे, अंग फायबरचे, आणि इंजिन रेनॉ कंपनीचे, अवघे १.२ लिटरचे. असली गाडी गरीब घोड्यासारखी चालते. रूपाने पेट्रोल जळत नाही. वजनाने, इंजिनाच्या आकाराने व चालकाच्या घाईने जळते.

आता त्या गृहस्थांस दाखविलेला हिशोब. गाडी मोठ्या इंजिनाची होती. तिला गर्दीत ७ व महामार्गावर १२ किलोमीटर धरू. पुष्कळ लोक येथे एक चूक करतात. ७ आणि १२ ह्यांची सरासरी साडेनऊ, म्हणून गाडी साडेनऊचे ॲव्हरेज देते, असे ते समजतात. हे चुकीचे आहे. ८४ किलोमीटर गर्दीत गेलो तर १२ लिटर लागले; ८४ किलोमीटर महामार्गावर गेलो तर ७ लिटर. मिळून १६८ किलोमीटरला १९ लिटर, म्हणजे ८.८. वाईट वाट थोडी असली तरी ती सरासरीला आपल्याकडे अधिक ओढते. मुलांनी ही गोष्ट गणिताच्या तासास अवश्य विचारावी.

पालघर-बोईसर जाऊन-येऊन ३० किलोमीटर, महिन्यातून १६ दिवस. म्हणजे ४८० किलोमीटर, त्यास सुमारे ६९ लिटर. मुंबईची फेरी २०० किलोमीटरची, महिन्यातून ८. म्हणजे १,६०० किलोमीटर, त्यास सुमारे १३३ लिटर. (वाघोबाच्या खिंडीतला चढ आणि मुंबईतील गर्दी ह्यांत धरलेली नाही, धरली तर आकडा वाढेलच.) एकूण २०२ लिटर. तेच अंतर गर्दीत १४ व महामार्गावर १९ देणाऱ्या लहान मोटारीने कापले, तर ११९ लिटर पुरतील. लिटरचा भाव हिशोबास सोपा म्हणून १०० रुपये धरला, तरी फरक महिन्यास आठ हजारांच्या वर आणि वर्षास एक लाखाच्या घरात जातो. अनेक स्पोर्ट्स मोटारींस अधिक ऑक्टेनचे पेट्रोल लागते. त्याचा भाव आणखी चढा. जुनी म्हणून स्वस्तात मिळालेल्या गाडीची खरी किंमत अशी हप्त्याहप्त्याने पंपावर मोजली जाते. शुभवर्तमानात बुरूज बांधण्यास निघालेल्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे जे सांगितले आहे, त्याची मला त्या संध्याकाळी आठवण झाली; ती मी बोलूनही दाखविली. ते हसले, आणि कागद घडी करून घेऊन गेले.

आणखी दोन-तीन गोष्टी आकड्यास खाली ओढतात. त्या थोडक्यात सांगतो. २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलच्या एका लिटरात सुमारे २१,००० किलोजूलच असतात, म्हणून मिश्रणाच्या लिटरात शुद्ध पेट्रोलाहून सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. उसाला बाजार मिळतो आणि परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, हा लाभ आहेच. पण लिटरमागे अंतर थोडे घटणार, हे जाणून असावे. थंड हवेचे यंत्र आपल्या किनाऱ्याच्या उकाड्यात बंद ठेवणे कोणास जमत नाही. टायरमध्ये हवा कमी असली की टायरचा विरोध वाढतो. स्पोर्ट्स मोटारींची रुंद, मऊ टायरे मुळातच थोडी अधिक खाणारी. आणि रस्त्याचे काम निघाले की सारेच गणित फिरते. २०२४ मध्ये महामार्गावर काँक्रीटचा थर देण्याचे काम चालू असता वाहनांच्या ज्या रांगा लागत, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस महामार्गाचा आकडा गर्दीच्या आकड्यासारखा कसा होतो, हे सांगावयास नको.

शेवटी, आपल्या घरच्या गाडीचे माप कसे घ्यावे. गाडीतील पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. तो पुष्कळदा थोडा उदार असतो. टाकी पंपावर आपोआप नळी बंद होईपर्यंत भरावी व अंतरमापकावरील आकडा टिपून ठेवावा. मग नेहमीप्रमाणे गाडी वापरावी. पुढच्या खेपेस शक्य तर त्याच पंपावर, त्याच नळीने, पुन्हा तितकीच भरावी. ह्या वेळी जितके लिटर बसले, तितकेच मधल्या अंतरास लागले. एका खेपेने समाधान मानू नये. निदान चार-पाच खेपांची बेरीज घ्यावी, म्हणजे भरण्यातील उणेअधिक फिटून जाते. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनी तिच्यावर हा प्रयोग करावा. वहीत चार रकाने आखावे : तारीख, किलोमीटर, लिटर, आणि चौथ्यात वाट, म्हणजे त्या खेपेत बोईसर अधिक झाले की मनोरचा महामार्ग. पहिल्या तीन रकान्यांवरून आकडा निघेल. तो वरखाली का झाला, हे चौथा रकाना सांगेल.